कुंकू लावलेलं घड्याळ

कुंकू लावलेलं घड्याळ सासऱ्यांचं, असं मी ॲपला सांगितलं आणि तेच घड्याळ शर्टाच्या बाहीला पुसून स्वतःच्या मनगटावर बांधलं. चूक एवढीच. तिथून पुढे जवळजवळ सबंध उन्हाळा माझ्या सासऱ्यांचं हृदय माझ्या नावावर चाललं आणि माझं त्यांच्या. इथे म्युनिकमध्ये मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. स्वतःच्या चुका मी घरी फुकट करतो, आणि त्या शोधायचं खातं बायकोकडे आहे.

पण हकिगत माझी नाही, सासऱ्यांची आहे. त्यांच्याइतका आज्ञाधारक माणूस मी पाहिला नाही आणि त्यांच्याइतका हट्टीही पाहिला नाही, आणि हे दोन्ही गुण ते एकाच वेळी, एकाच गोष्टीच्या बाबतीत दाखवू शकतात. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं तर ते मीठ साफ बंद करतात, आणि लोणचं हे काही मीठ नव्हे, असं डॉक्टरांनाच पटवून येतात. त्यांची सगळी नोकरी नाशिकला पाटबंधारे खात्यात झाली. वरून हुकूम आल्याशिवाय कालव्याला पाणी सोडायचं नाही आणि एकदा सोडलं की कुणाच्या बापाला ते बंद करू द्यायचं नाही, ही तिथली शिस्त निवृत्तीनंतर त्यांनी घरी आणली. सकाळी पाचला उठतात. विमानातून उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते जर्मनीतल्या पाचला उठून स्वयंपाकघरात चहाचं भांडं शोधत होते. शरीराला वेळ सांगायची असते, विचारायची नसते, असं त्यांचं म्हणणं. आणि कुठलीही नवी वस्तू ते कुंकू लावल्याशिवाय वापरत नाहीत. आमच्या नव्या डिशवॉशरला त्यांनी आल्या आल्या बोट लावलं. पुढे तो दुरुस्त करायला आलेला माणूस त्या ठिपक्यासमोर बराच वेळ उकिडवा बसून होता. यंत्र इतकं नवं असताना नेमका तिथेच गंज कसा धरला, याचा शोध तो घेत होता. आम्ही त्याला काही सांगितलं नाही, कारण सांगायला लागणारं जर्मन आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं.

घड्याळं आणली माझ्या बायकोने, मुग्धाने. तिलाही कारण होतं. माझ्या सासूबाई दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेल्या. त्याआधी काही महिने जिना चढताना त्या मधेच थांबायच्या, कठड्याला हात लावून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "तुम्ही व्हा पुढे." आम्ही सगळे पुढे होत राहिलो. तेव्हापासून मुग्धा माणसाकडे बघते ती आधी त्याच्या श्वासाकडे बघते. बाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर येणार म्हटल्यावर तिने नाडीचे ठोके, झोप, चालणं असं सगळं मोजणारं घड्याळ त्यांच्यासाठी घेतलं, आणि त्यांना एकट्याला कमीपणा वाटू नये म्हणून अगदी तसंच एक माझ्यासाठी. दोन्ही काळी, दोन्ही गोल, जुळ्या भावंडांसारखी. ती देवापुढे ठेवली गेली. सासऱ्यांनी त्यातल्या एकाला कुंकू लावलं. मी ॲपमध्ये आमच्या दोघांची नावं घालत बसलो होतो. मला वाटलं, बरं झालं, खूण मिळाली. कुंकवाचं ते त्यांचं. मग ऑफिसातून फोन आला, त्या फोनवर मी कुणाची तरी चूक शोधत बसलो, आणि परत येतो तो चहाच्या कपाशेजारी एक घड्याळ माझी वाट बघत होतं. मी ते न बघताच बाहीला पुसलं आणि बांधलं.

सासऱ्यांनी त्यांच्या घड्याळाला पहिल्याच दिवशी एक अट घातली. घड्याळात वेळच दिसली पाहिजे. ठोके बघायला आपण काय घड्याळजी आहोत का? म्हणून त्याच्या तबकडीवर नुसते काटे ठेवले, आणि बाकी सगळं फोनवर. मलाही मनगटावरची ती मुंगीएवढी अक्षरं चष्म्याशिवाय दिसत नाहीत, आणि मला चष्मा लागतो हे मी अजून मान्य केलेलं नाही, त्यामुळे मीही फोनवरच बघायचो. तिथे 'कुटुंब' नावाच्या पानावर आमची दोघांची नावं एकाखाली एक, आणि प्रत्येकासमोर एक छोटं लाल हृदय उड्या मारत असायचं.

माझ्या हृदयाची प्रगती बघून मी थक्क झालो. ॲप मला रोज सकाळी शाबासकी द्यायचं. तुमचं हृदय तुमच्या वयापेक्षा तरुण आहे. तुमची झोप शांत आणि नियमित आहे. काल तुम्ही छान चाललात. आता मी ऑफिसात खुर्चीवरून उठतो तो खुर्ची बदलायला, हे मला ठाऊक होतं. पण मीटिंगची खोली शोधत माणूस किती वणवण फिरतो याचा कुणी हिशेब करत नाही, यंत्राने केला असेल. मी रात्री सोफ्यावर आडवा होऊन मॅच बघतो, तेही ते झोपेत धरत असेल. आणि पाचला उठलात असं रोज लिहून यायचं, त्यावर माझं मत असं पडलं की उठत असेन, लक्षात राहत नसेल. शिवी खोटी आहे हे माणूस पुराव्यानिशी सिद्ध करतो. स्तुती तपासून बघणारा मला अजून भेटायचाय, आणि मी तर व्यवसायाने तपासनीस. मी तो आलेख नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. जेवताना श्रीखंड दुसऱ्यांदा वाढून घेत सासऱ्यांना म्हणालो, "बाबा, शेवटी मनाचा निग्रह लागतो."

ते मान खाली घालून ऐकत होते. कारण त्यांच्या नावासमोर ॲप म्हणत होतं, आज फारशी हालचाल झाली नाही. झोप अपुरी. उठायची वेळ अनियमित. दुसरा कुणी असता तर घड्याळ इझार नदीत फेकून मोकळा झाला असता. सासरे म्हणाले, यंत्राला खोटं बोलायचं काय कारण? ॲपला ते 'ती बाई' म्हणायचे, इतक्या बारीक चौकशा दुसरं कोण करणार म्हणून, आणि तिच्या प्रत्येक प्रश्नाला फोनकडे बघून मोठ्याने मराठीत उत्तर द्यायचे. रोज सकाळी ती विचारायची, झोप कशी लागली? ते चहाचा कप खाली ठेवून सांगायचे, "छान लागली. तुला तसं दिसत नसेल तर आज पुन्हा प्रयत्न करतो." मग नदीकाठी पार पुढच्या पुलापर्यंत जाऊन यायचे आणि दारातच फोन उघडायचे. ती म्हणायची, थोडं चालून या.

या अन्यायाचं कारण त्यांनी स्वतःच शोधून काढलं. इथल्या रस्त्यांना खड्डे नाहीत, त्यामुळे पाऊल पडल्याचं यंत्राला कळत नाही. झालं. त्या दिवसापासून ते पाय आपटत चालायला लागले. पाऊस असला की घरातल्या घरात, हॉलपासून बेडरूमपर्यंत, संचलनाला निघाल्यासारखे. एका रविवारी दुपारी, जेव्हा अख्खी जर्मनी आवाज न करण्याचं व्रत पाळत असते, खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. रविवारी रिकाम्या बाटल्या काचेच्या डब्यात टाकायला गेलेल्या माणसालाही त्या खिडकीतून हटकतात. सासऱ्यांनी त्यांना आदराने खुर्ची दिली, चहा दिला आणि आपली बाजू मांडण्यासाठी फोन काढून आपल्या झोपेचा आलेख त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. आजींनी झटकन तोंड फिरवलं, जणू समोरच्याने सदराच काढला. "डाटनशुट्झ," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. म्हणजे खासगी माहितीचं रक्षण. इथे लोक त्या शब्दाची शपथ घेतात. त्यांनी आपलं वय फोनलाही सांगितलेलं नव्हतं. हवामानाचं ॲपसुद्धा त्यांनी काढून टाकलं होतं, आपण कुठे आहोत हे पावसाला कळायची काय गरज म्हणून. उलट सासऱ्यांना आपलं पोट साफ झालं की नाही हे ट्रामच्या थांब्यावर उभ्या माणसालाही सांगायला आवडतं. या दोघांची पुढे चांगली गट्टी जमली. अंगणातल्या बाकावर ते आपले आकडे वाचून दाखवायचे आणि त्या कानांवर हात ठेवून, पण उठून न जाता, बसायच्या.

एवढा आटापिटा कशासाठी, तर एका डोंगरासाठी. इथे दक्षिणेकडून एक गरम वारा येतो, त्याला फ्योन म्हणतात. तो सुटला की हवा इतकी स्वच्छ होते की आल्प्सची रांग समोरच्या इमारतीमागे येऊन उभी राहिल्यासारखी दिसते. अशा एका दिवशी सासरे बाल्कनीत चहा पीत होते. त्यांनी बोट दाखवून एक डोंगर निवडला. "तो, जरा डावीकडे मान टाकलेला. जायच्या आत तो चढायचा." ते आणि सासूबाई नाशिकच्या आसपासचे गड रविवारी डबा घेऊन चढायचे. त्यामुळे मला नवल वाटलं नाही. मुग्धाने मात्र माझा फोन हातात घेतला, 'कुटुंब'चं पान उघडलं आणि सांगितलं की हे आकडे सुधारले तर डोंगर, नाहीतर नाही. सासरे म्हणाले, "सुधारतो." हट्टाचं पाणी त्या घरात दोन्ही पाटांनी वाहतं.

सुधारण्यासाठी त्यांनी काय केलं नाही? तूप सोडलं. दुपारची डुलकी सोडली. रात्री नऊच्या ऐवजी आठला अंथरुणावर जायला लागले. इथे उन्हाळ्यात तेव्हा लख्ख ऊन असतं, म्हणून डोळ्यांवर पंचा बांधून. आकडे हलेनात. हलणार कुठून, मी श्रीखंड सोडलं नव्हतं. त्यांचा चेहरा ओढल्यासारखा दिसायला लागला आणि व्हिसा संपायला आला. तेवढ्यात एका सकाळी त्यांच्या नावासमोर लाल पट्टी आली. हृदयाचे ठोके अनियमित आढळले, डॉक्टरांना भेटा.

मुग्धा बाल्कनीत गेली, आणि परत आली तेव्हा डॉक्टरची वेळ घेतलेली होती. इतक्या लवकर वेळ मिळणं हे जर्मनीत लाल पट्टीपेक्षाही घाबरवणारं असतं.

दवाखाना जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी त्या दोघांना दारात सोडून गाडी लावायला जागा शोधत फिरलो. ती सापडली चार गल्ल्या पलीकडे. तिथून पळत आलो आणि जिना चढलो. दुसऱ्या मजल्यावर मी कठड्याला हात लावून उभा राहिलो. दम खाऊन वर गेलो तेव्हा सासरे तपासणीच्या पलंगावर सदरा काढून बसले होते आणि डॉक्टरीणबाई त्यांच्या हृदयाची पट्टी कागदावर काढून बघत होत्या. शिवाय त्यांचा डोंगराचा मूळ मुद्दा चाललाच होता. मुग्धाला ते सांगत होते, आणि मुग्धा काही ऐकून घेत नव्हती.

"मी हट्ट करत नाही गं," ते म्हणाले. "तो डोंगर तुझ्या आईने व्हिडिओ कॉलवर पाहिला होता. जावईबापूंनीच बाल्कनीतून दाखवला होता. ती म्हणाली होती, हा आपल्याला जमेल हो."

मला ते आठवत नव्हतं. मी फोन फिरवला असेल आणि पुढे गेलो असेन.

डॉक्टरीणबाईंना मराठी कळत नव्हतं, पण खोलीत काहीतरी झालं हे कळलं. त्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या की पट्टी उत्तम आहे, अगदी तरुण माणसाची असावी तशी, मग घड्याळाची तक्रार काय आहे ती दाखवा. मी धापा टाकत फोन पुढे केला. सासऱ्यांच्या नावासमोरचं हृदय वेड्यासारखं उड्या मारत होतं. बाईंनी त्यांची नाडी धरली. नाडी संथ. त्यांनी पुन्हा फोनकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे, आणि मग बराच वेळ, दारात लोहाराच्या भात्यासारखा चाललेल्या माझ्याकडे. मला त्यांनी खुर्ची दाखवली आणि बोलू नका अशी खूण केली. मी बसलो, आणि फोनवर माझ्या सासऱ्यांचं हृदय हळूहळू शांत व्हायला लागलं.

"गेनाऊ," बाई म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर. "आता शर्ट तुम्ही काढा."

त्या पलंगावर छातीला तारा चिकटवलेल्या अवस्थेत मी मुग्धाला म्हणालो की शक्यच नाही, कुंकवाचं घड्याळ बाबांचं होतं. तेव्हा सासरे सदऱ्याची बटणं लावत म्हणाले, "अहो, ते तुमचं म्हणून लावलं. मला काय करायचंय कुंकू, मी जगून झालोय. घरच्या कर्त्या माणसाचं घड्याळ म्हणून त्याला लावलं आणि तुमच्या चहापाशी ठेवलं."

डॉक्टरीणबाईंनी मला पुन्हा बोलू नका अशी खूण केली आणि माझी पट्टी वाचून दाखवली. माझे ठोके मधूनमधून ताल सोडत होते आणि रक्तदाब भलत्याच उंचीवर जाऊन बसला होता. घाबरण्यासारखं नाही, पण असंच राहिलं असतं तर झालं असतं, असं त्यांनी सांगितलं. गोळ्या दिल्या, पथ्य दिलं. खालच्या मजल्यावरच्या आजींना मुग्धाने सगळा प्रकार सांगितला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. फोनला काही सांगितलंच नाही तर तो चुकणार कशाला, असं त्या म्हणाल्या. मग जरा विचार करून त्यांनी हळूच विचारलं, त्या घड्याळाने यांचं दुखणं पकडलं, हे खरं का? पुढच्या आठवड्यात त्या बाकावर कानांवरचे हात काढून बसलेल्या मी पाहिल्या. वय मात्र अजून कुणाला सांगितलेलं नाही.

उरलेले दिवस सासऱ्यांनी माझ्यावर खर्च केले. कालव्याला पाणी सोडावं तसं पाचच्या ठोक्याला मला नदीकाठी सोडायचे, आणि एकदा सोडलं की बंद करायचा अधिकार कुणाला नव्हता. माझी आवर्तनं ठरलेली. "जावईबापू, निग्रह लागतो," एवढंच मधून मधून म्हणायचे. त्यात टोमणा आहे की नाही हे चेहऱ्यावरून कळू द्यायचे नाहीत. श्रीखंडाचा डबा त्यांनी खालच्या आजींना देऊन टाकला. स्वतः तूप मात्र पुन्हा सुरू केलं, मागच्या थकबाकीसकट.

जायच्या आधीच्या रविवारी आम्ही डोंगरावर गेलो. डॉक्टरीणबाईंनी मला अर्ध्या वाटेपर्यंत परवानगी दिली होती, तिथे गुराख्यांची लाकडी झोपडी आहे आणि थंड ताक मिळतं. वळणावर मी थांबलो आणि म्हणालो, "बाबा, तुम्ही व्हा पुढे." ते झाले नाहीत. माझा श्वास जागेवर येईपर्यंत शेजारी उभे राहिले, डोंगराचं कौतुक करत, जणू त्यांनाच थांबायचं होतं. असं प्रत्येक वळणावर थांबत आम्ही झोपडी गाठली. मला बाकावर बसवून, माझ्या मनगटावरचं घड्याळ माझंच आहे याची खात्री करून मग ते एकटे वर गेले. पाय न आपटता.

उतरून आले तेव्हा दुपार कलली होती. सासूबाईंच्या करंड्यातल्या कुंकवाची पुडी ते नाशिकहून बरोबर घेऊन आले होते, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या अनामिकेचं टोक लाल होतं. कशाला लावलं ते मी विचारलं नाही. त्यांनी ताकाचा पेला एका दमात संपवला आणि मिशी पुसत म्हणाले, "ती बाई रोज सकाळी विचारायची ना, झोप लागली का म्हणून? दोन वर्षं कुणी विचारलं नव्हतं हो. म्हणून तिचं सगळं ऐकलं. नाहीतर मला काय कळत नव्हतं, मी किती चालतो ते?"

एवढं बोलून त्यांनी दुसरा पेला मागवला.

आता ते नाशिकला असतात. ॲपमधली नावं आम्ही सरळ केली आहेत, आणि 'कुटुंब'चं पान तिकडे त्यांच्याही फोनवर दिसतं. रोज सकाळी, माझा गजर बंद होतो न होतो तोच, त्यांचा फोन येतो आणि ते विचारतात, झोप लागली का? मग मी त्यांना तेच विचारतो. ते सविस्तर सांगतात. मुग्धा म्हणते, तुम्ही दोघं मिळून त्या बाईच्या पोटावर पाय आणणार. थंडी सुरू झाली तसं सकाळचं नदीकाठी जाणं मला जड जायला लागलं. मुग्धा स्वतः धावायला जातेच, तर परवा तिला म्हटलं, जाता जाता माझंही घड्याळ घालून जा, त्यालाही जरा हवा लागेल. ती हसली आणि घालून गेली. मी पांघरूण ओढलं. ती परत यायच्या सुमारास सासऱ्यांचा फोन आला. आवाज फार प्रेमळ होता.

"जावईबापू, आज पाचला उठलात. नदीवर धावलात. ठोके तर काय तालात आहेत, वा. झोपेचं विचारत नाही, ती अजून चालूच आहे. आता माझ्या मुलीच्या हातातलं घड्याळ काढून घ्या, आणि उठा."